पेडणेकर बाईंचं विषुववृत्त

पेडणेकर बाई दोन आवाजांत भूगोल शिकवायच्या. एखादी जागा स्वतः पाहिलेली असेल तर उभ्या राहून, छडी नकाशावर टेकवून, खणखणीत आवाजात. नुसती वाचलेली असेल तर खुर्चीत बसून, पुस्तक समोर धरून, साक्षीदारानं कोर्टात बोलावं तसं सपाट. वर स्पष्ट सांगायच्यासुद्धा, "मुलींनो, हे मी वाचलंय हं. पाहिलेलं नाही." मुलींना याची इतकी सवय झाली होती की बाई खुर्चीतून उठल्या रे उठल्या की मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची, "पाहिलंय, पाहिलंय," आणि वह्या मिटल्या जायच्या. पाहिलेला भूगोल कुणी लिहून घेत नसे. तो आपोआप लक्षात राहायचा.

मी त्याच शाळेत गणित शिकवत होते. बोरीवलीची मुलींची शाळा, मागच्या बाजूला म्हशींचे तबेले, पुढे एक चिंच आणि दोन खोल्यांच्या मधे लाकडी पार्टिशन. त्या पार्टिशनच्या एका बाजूला माझं वर्गमूळ आणि दुसऱ्या बाजूला बाईंचा भूगोल. मला त्यांचं सगळं ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलीसुद्धा तिकडेच कान लावून बसायच्या. गणितात एक बरं असतं. वर्गमूळ तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का, असं कुणी विचारत नाही. भूगोलातही कुणी विचारत नव्हतं. बाईंनी स्वतःहूनच ही आफत अंगावर ओढून घेतली होती.

बाई उंचीला कमी, अंगानं काटक, बोलायला फटकळ. मूळच्या मालवणकडच्या. शाळेत शुद्ध बोलायच्या, पण घाईत किंवा रागात मालवणी बाहेर यायची. राहायला बाभईत दोन खोल्यांत. मुलगी लग्न होऊन घाटकोपरला. पेडणेकर एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि सुट्टीत घराबाहेर पडणं त्यांच्या जिवावर यायचं. बायको दर मे महिन्यात परमुलखाला निघाली की हे पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत सोबत यायचे आणि मागे वळायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही का नाही जात?" तर म्हणाले, "घरात एकानं असावं ना. नाहीतर ती परत कुणाकडे येणार?"

तर बाईंना शाळेतला भूगोल वाचलेल्यातून पाहिलेल्यात आणायचा होता. आता शिक्षिकेच्या पगारात जग पाहायचं म्हणजे कसं, हे त्यांच्याकडून शिकावं. एकटीनं गेलं तर महाग, चौघींनी गेलं तर स्वस्त, म्हणून त्या शाळेतल्या आम्हा बायकांना गोळा करायच्या. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणून पहिल्यांदा नेपाळ. मग रामेश्वरहून बोटीनं सिलोन. हॉटेलचं नाव काढायचं नाही. धर्मशाळा, कुणाच्या ओळखीची शाळा, नाहीतर देऊळ. खायला मेतकूट, भडंग, पातळ पोहे घरून. आणि शहर पाहायची त्यांची एक ठरलेली रीत होती. स्टेशनबाहेर जी पहिली बस दिसेल तिच्यात चढायचं आणि शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढायचं. गाइड नको, टॅक्सी नको. "शहर कुठं संपतं ते पाहिलं की मधलं आपोआप कळतं," म्हणायच्या. काठमांडूला शेवटचा स्टॉप एका वीटभट्टीपाशी निघाला. आम्ही चौघी शहाण्या तिथं उतरलो, पाहायला विटांशिवाय काही नाही, परतीची बस तासाभरानं. भट्टीवरच्या बाईनं आम्हाला तिच्या झोपडीपुढे बसवलं, चहा केला, आणि पेडणेकर बाईंनी तिला भडंग दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर गप्पा चालल्या होत्या. पुढे वर्गात नेपाळ आला की बाई पशुपतिनाथावर दोन मिनिटं आणि त्या वीटभट्टीवर अर्धा तास बोलायच्या. सिलोनला तर त्यांना फार परकं वाटलंच नाही. पहिल्याच घासाला म्हणाल्या, "नारळ बघ कसा घातलाय सढळ हातानं. मालवणच आहे हे, बोटीनं आलं एवढंच."

त्यांच्याबरोबर यायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. ती परीक्षा गोराईत. रविवारी सकाळी होडीनं खाडी पार करायची, एक पिशवी, एक पाण्याची बाटली, आणि दिवसभर चालायचं. समुद्रावर, वाडीत, कोळीवाड्यात, चर्चपाशी. बाई काही बोलायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. ऊन फार आहे असं कोण म्हणतं, चप्पल कुणाची चावते, परत कधी जायचं हे कोण पहिल्यांदा विचारतं. संध्याकाळी धक्क्यावर निकाल. मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा तोंड गच्च मिटून फिरले तेव्हा म्हणाल्या, "सरोज, तू चालशील. कुरकुर पोटात ठेवायला शिकलीस."

शिवणाच्या काळे बाई मात्र पहिल्याच फटक्याला पास झाल्या, आणि त्यांची तर होडीतच वाट लागली होती. खाडीचं पाणी ते केवढंसं, आणि होडी हलली तशी बाईंनी काठावर मान टाकली. येताना ओकल्या, जाताना ओकल्या. पण मधल्या आठ तासांत एका शब्दानं तक्रार नाही. उलट परत आल्यावर पदरानं तोंड पुसून विचारलं, "पुढची सहल कधी?" मी पेडणेकर बाईंना म्हटलं, "अहो, यांना समुद्रावर न्यायचं म्हणजे कठीण आहे." तर म्हणाल्या, "ओकणारी चालते. रडणारी चालत नाही."

हे सगळं चाललं होतं, पण बाईंच्या मनात सल एकच होता. सहावीला एक धडा होता, विषुववृत्ताचा. पहिल्या वर्षीच कुणा मुलीनं विचारलं होतं, "बाई, ते दिसतं का हो?" आणि बाई खुर्चीत बसून सपाट आवाजात म्हणाल्या होत्या, "मला माहीत नाही. मी वाचलंय." तेव्हापासून हा धडा त्यांना टोचायचा. मी स्टाफरूममध्ये त्यांना चिडवायची, "अहो, काल्पनिक रेषा आहे ती. पुस्तकातच लिहिलंय. दिसणार काय डोंबल?"

"तिथलं पाणी दिसेल," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाची मोजणी तिथून सुरू होते, सरोज. अक्षांश शून्य. वीस वर्षं मी पोरींना तिथून मोजायला शिकवतेय आणि मी स्वतः तिथं उभी नाही राहिलेली. मला एकदा तिथं उभं राहून बघायचंय, बस. काही नसलं तर काही नाही हे बघायचंय."

हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज असा होता की मी पुन्हा कधी चिडवलं नाही.

सत्तर सालच्या आसपास त्यांनी मार्ग शोधून काढला. मद्रासहून सिंगापूरला जाणारी बोट होती, तिच्या डेकवर अगदी स्वस्तात जाता येई. सिंगापूरहून पुढे जाकार्ताला एक लहान बोट जायची, आणि ती विषुववृत्त ओलांडायची. वर्षभर बाई शाळा सुटल्यावर फोर्टात जाऊन परवानग्या आणि शिक्के गोळा करत होत्या. एवढ्या लांबच्या सहलीला कोण येणार? शेवटी आम्ही तिघीच उरलो. बाई, मी आणि काळे बाई.

मद्रासला धक्क्यावर काळे बाईंनी घोळ घातला. तेव्हा परदेशी जायचं तर देवीची लस आणि कॉलऱ्याचं इंजेक्शन घेतल्याचं पिवळं पुस्तक लागायचं. काळे बाईंनी ती इंजेक्शनं माहेरी, मुलुंडला घेतली होती. तिथला कंपाउंडर त्यांना परकर-पोलक्यापासून ओळखणारा. त्यानं पुस्तकावर मोठ्या प्रेमानं माहेरचं नाव लिहिलं, विमल दत्तात्रय साठे. पासपोर्टावर रोहिणी गजानन काळे. आणि आम्हा तिघींपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही, कारण आपल्याकडे बाईला दोन नावं असतात यात लक्षात येण्यासारखं काय आहे?

आरोग्य खात्याचा मद्रासी अधिकारी मात्र हटून बसला. ही विमल कोण? काळे बाई म्हणाल्या, मी. मग रोहिणी कोण? मीच. तो म्हणाला, मग टोचलंय कुणाला? काळे बाईंनी दंड उघडा करून लशीचा व्रण दाखवला. त्यानं तो पाहिला आणि विचारलं, हा विमलचा की रोहिणीचा? आडनाव बदलतं हे त्याला मान्य होतं, पण लग्नात बाईचं पहिलं नावच बदलतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, दुसऱ्याच बाईचं पुस्तक घेऊन आलेत हे लोक. बोट सुटायला दोन तास होते. काळे बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला मनातल्या मनात त्या कंपाउंडरचा गळा दाबावासा वाटत होता.

पेडणेकर बाई शांतपणे खाली बसल्या. पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढली. अधिकाऱ्याच्या टेबलावर चहाचा ट्रे होता, त्यातले कप बाजूला ठेवले, ट्रेमध्ये तांदूळ पसरले आणि त्याला म्हणाल्या, "तुमची अंगठी द्या." त्यानं का कोण जाणे, दिली. बाईंनी अंगठीनं तांदळात 'विमल' लिहिलं. मग हात फिरवून ते पुसलं आणि 'रोहिणी' लिहिलं. आणि आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं की आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरा हे असं करतो. सकाळची विमल संध्याकाळी रोहिणी होते. दंड मात्र तोच राहतो. तो माणूस त्या तांदळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि हे तुम्हाला चालतं?" बाई म्हणाल्या, "ते आम्ही वेगळं बघू. आधी बोट पकडू." त्यानं हसत हसत दोन्ही नावं लिहून शिक्का मारला. तांदूळ बाईंनी परत पुरचुंडीत भरले. वाया घालवायचं काही कारण नव्हतं.

डेकवरचे ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही. सतरंज्या पसरून शेजारी शेजारी तमिळ, पंजाबी, मलायातली कुटुंबं. कुणाची तान्ही पोरं आमच्या मांडीवर, आमचं मेतकूट त्यांच्या भातावर. काळे बाई एका कठड्याशी कायमच्या स्थायिक झाल्या होत्या. सिंगापूरला उतरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आम्ही रीतीप्रमाणे शेवटच्या स्टॉपपर्यंत बसनं जाऊन आलो, रबराची झाडं आणि कोंबड्यांचे खुराडे पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे जाकार्ताची लहान बोट पकडली.

त्या बोटीवर मिंगेल नावाचा एक गोव्याचा खलाशी निघाला. बाईंनी पहिल्या तासाभरात त्याला गाठून मालवणीत सगळं सांगितलं. त्यानं वर जाऊन अधिकाऱ्याकडून रेषा ओलांडताना भोंगा वाजवायचं कबूल करून घेतलं आणि येऊन कोकणीत म्हणाला, "बाये, दुपारां भोंगो वाजतलो. तेन्ना वयर यो." बाईंनी वेणी नव्यानं घातली. नवी चॉकलेटी साडी नेसल्या. इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना अशी नटलेली मी पहिल्यांदाच बघत होते. जेवणं झाल्यावर वर कठड्याशी उभं राहायचं असं ठरलं.

आणि जेवणानंतर समुद्र उठला. काळे बाई नेहमीसारख्या कठड्याशी होत्या, पण या वेळी प्रकरण साधं नव्हतं. ओकून ओकून अंगात त्राण उरलं नाही, डोळे फिरले, हातपाय गार. आम्ही दोघींनी त्यांना उचलून लोखंडी शिडीनं खालच्या डेकवर आणलं. पेडणेकर बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू वर जा, मिंगेलकडून लिंबू आण." मी लिंबू घेऊन येते तोवर काळे बाईंनी पेडणेकर बाईंचं मनगट असं घट्ट धरलं होतं की कातडी पांढरी पडली होती. "मला सोडून जाऊ नका हो, मी मरत्ये," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या, "गप रव गो. काय एक होवचा नाय."

मी म्हटलं, "मी धरते यांना. तुम्ही वर जा, वेळ होत आलाय."

बाईंनी मनगट सोडवायला हात नुसता हलवला आणि काळे बाई लहान पोरासारख्या रडायला लागल्या. "राहू दे," बाई म्हणाल्या. "तू जा. आपल्यातल्या एकीनं तरी बघायला हवं. नीट बघ, सरोज. मला सगळं सांगायचंस."

मी वर गेले. थोड्या वेळानं भोंगा वाजला. लांबलचक, एकदाच. मी खाली आले तेव्हा बाईंनी विचारलं, "दिसलं?"

मी म्हटलं, "हो. दिसलं."

"काय होतं?"

"काही नाही. पाणी होतं."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. "बघ," त्या म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?"

काळे बाई संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाल्या आणि जाकार्तात तिघींत सगळ्यात जास्त त्याच हिंडल्या. परतताना बोटीनं ती रेषा पहाटेच्या अंधारात कधीतरी ओलांडली. मी बाईंना म्हटलंसुद्धा, दोनदा ओलांडलीत तुम्ही, आणखी काय हवं? तर म्हणाल्या, "ओलांडणं वेगळं, बघणं वेगळं. झोपेत माणूस कुठूनही जाईल."

त्या वर्षी जुलैत पार्टिशनवर छडीचे तीन ठोके पडले. बाई मला वर्गात बोलावत होत्या. मी गेले तर बाई उभ्या. छडी नकाशावर, आवाज खणखणीत. "मुलींनो, विषुववृत्त. हे आपल्या शाळेनं पाहिलंय. मी नाही, या सरोज बाईंनी. विचारा त्यांना." चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, पाणी होतं. निळं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तीन ठोके. मी म्हटलं, पाणी जरा जास्तच निळं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी उडणारे मासे आले. वर्षांगणिक माझं विषुववृत्त असं भरत गेलं, आणि बाई शेजारी उभ्या राहून माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघायच्या की जीव नकोसा व्हायचा. कारण मी विषुववृत्त पाहिलंच नव्हतं.

सात वर्षं हे चाललं. बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी तो धडा मुद्दाम शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवला. तीन ठोके पडले, मी गेले, निळं पाणी आणि मासे सांगून झाले. मग पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बोटीच्या कुठल्या बाजूला उभ्या होतात? डाव्या का उजव्या?"

प्रश्न साधाच होता. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी पेडणेकर बाईंकडे पाहिलं आणि मला खोटं बोलवेना. त्यांचा शेवटचा आठवडा होता. आयुष्यभर त्यांनी न पाहिलेल्याला पाहिलेलं म्हटलं नव्हतं, आणि माझ्या शब्दावर सात वर्षं त्या उभ्या राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. मी कठड्याशी नव्हते. मी शिडीच्या तोंडाशी ओणवी होऊन खाली बघत होते. पेडणेकर बाई खाली होत्या, काळे बाईंचं डोकं मांडीवर होतं. भोंगा वाजला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि डोळे मिटले. मी तेच बघत राहिले. समुद्राकडे बघायचं राहून गेलं. वळून पाहिलं तोवर बोट पुढे गेली होती."

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, पुस्तक उघडलं आणि सपाट आवाजात म्हणाल्या, "मुलींनो, विषुववृत्त आम्ही वाचलंय."

स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी निरोपाचा समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली, आणि त्या माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला घास जाईना. घरी सगळ्यांवर खेकसत होते. सात वर्षांपूर्वी त्या शिडीखाली मी एक शब्द खरा बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण त्या वेळचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही हो म्हणाला असतात.

आठवड्यानं त्या दहिसरला माझ्या दारात उभ्या. आत आल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "सात वर्षं मला खोटं उभं केलंस."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"चुकलंच. मला तेव्हाच सांगायचंस ना. आता त्या पोरींना मी काय सांगू? एकीनं तर तुझ्या माशांवर निबंध लिहिलाय." मग पिशवीतून घड्या घातलेले कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवले. बोटींचं वेळापत्रक होतं. "तुला मे महिन्यात सुट्टी आहे ना? काळे बाईंना विचारून झालंय, त्या एका पायावर तयार आहेत." त्या उठून चपला घालत म्हणाल्या, "या खेपेला काळे बाईंचं डोकं तू धरायचंस."

आम्ही गेलो. तोच प्रवास, तेच डेक. काळे बाईंनी या वेळी पिवळ्या पुस्तकावर आधीच दोन्ही नावं लिहून घेतली होती. सिंगापूरच्या पुढच्या बोटीवर मिंगेल नव्हता, पण बाईंनी तासाभरात दुसरा कुणीतरी शोधून काढला आणि भोंग्याचं नक्की केलं. दुपारी समुद्र पुन्हा खवळला, काळे बाई पुन्हा आडव्या झाल्या. मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांनी माझं मनगट धरलं.

भोंगा वाजला तेव्हा मी शिडीकडे पाहिलं. वरच्या चौकोनातून मला फक्त पेडणेकर बाईंची पावलं दिसत होती, कठड्याला अगदी चिकटून. चपला त्यांनी काढून बाजूला ठेवल्या होत्या. भोंगा थांबला, बोट पुढे निघाली, वरचे लोक पांगले, आणि त्या तशाच उभ्या होत्या. टाचा उचललेल्या.